गव्हर्नरवरचा खटला

माझे धाकटे दीर दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी अमेरिकेहून लीड्सला आले, तेव्हा त्यांच्या सामानात प्रेशर कुकर होता.

मी तो शोधायला गेले नव्हते. आमचं घर तीन बेडरूमचं म्हणायचं, पण तिसरी म्हणजे बॉक्सरूम, एक पलंग जेमतेम मावेल एवढी, आणि तिथे उन्हाळ्यापासून सासरे राहत होते. भाऊजी पुढच्या खोलीत सोफाबेडवर झोपतील आणि त्यांच्या बॅगा जिन्याखालच्या कपाटात जातील, असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. कोणती वस्तू कुठे मावेल हे ठरवायचं काम लग्न झाल्यापासून माझ्याकडे आहे आणि ते मी कागदावर आखून करते. पण भाऊजींची एक बॅग इतकी फुगलेली होती की ती कपाटात आडवी जाईना, उभी राहीना.

"वहिनी, उघडा आणि वरचं काढून ठेवा," असं म्हणून ते आंघोळीला गेले.

मी वरचे स्वेटर उचलले. खाली टॉवेलात गुंडाळलेला कुकर होता. त्याच्या बाजूला डिग्रीची सर्टिफिकेटं ठेवलेली फाइल, मुलीचे उन्हाळ्यातले सँडल, आणि साडीच्या घडीत सासूबाईंचा फोटो, फ्रेमसकट.

सुट्टीवर निघालेला माणूस आईचा फोटो भिंतीवरून उतरवून नेत नाही. मी स्वेटर होते तसे परत ठेवले, बॅग बंद केली आणि हूवर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, बाहेर काढून तिला कपाटात जागा केली. खाली येऊन चहा टाकला. बाबा, म्हणजे माझे सासरे, त्या वेळी लायब्ररीत गेले होते. ते रोज सकाळी जात. तिथल्या कॉम्प्युटरवर बसून अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या वाचत.

भाऊजी ओले केस पुसत स्वयंपाकघरात आले. मी त्यांच्यापुढे कप ठेवला आणि सरळ विचारलं, "परत जायचं नाहीये ना तुम्हाला?"

त्यांनी कपाला हात लावला नाही. "कुकर दिसला वाटतं," म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, फार थोड्या वाक्यांत. ते जिथे इंजिनियर होते तो गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना उन्हाळ्यातच बंद झाला होता. त्यांचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता. दुसरी नोकरी मिळते का ते त्यांनी हात-पाय मारून पाहिलं, मिळाली नाही. तेव्हा घराचा करार संपवला, सामान विकलं, काही वाटलं. बायको आणि मुलगी आधीच नागपूरला गेल्या होत्या. बाबांना सांगितलं होतं की तिच्या माहेरी लग्न आहे.

"बाबांना कधी सांगणार?"

"सांगतो."

"भाऊजी, दिवाळीचा कार्यक्रम झाल्यावर आठवड्याने, सोमवारी बाबांचं तिकीट आहे. तुमच्याकडे यायचं. तुमच्या घरी."

"माहितेय वहिनी. तिकीट दादानंच काढलंय."

"मग शनिवारच्या आत सांगा. मी बोलणार नाही, पण शनिवारच्या आत."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. मी कामाच्या बाबतीत अशीच आहे. दिवस ठरला की काम अर्धं झालं असं मला वाटतं.

हे न सांगायचं कारण मला तेव्हाच समजलं होतं. ते समजायला बाबा कसे होते ते सांगायला हवं. बाबा पुण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी वाक्याची सुरुवात "आता असं बघा" अशीच करायचे. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सात साली, अमेरिकेत पुढल्या वर्षीच्या अध्यक्षपदासाठी बरेच लोक पक्षाची उमेदवारी मागत फिरत होते, आणि त्यांतला एक होता भाऊजींच्या राज्याचा गव्हर्नर. त्याचं नाव इथे लिहीत नाही, राज्याचंही नाही. तो पुढे फार टिकला नाही आणि आता कोणाच्या लक्षातही नसेल. पण त्या शरद ऋतूत आमच्या जेवणाच्या टेबलावर तो रोज असायचा.

त्याचं म्हणणं एकच होतं: मी माझं राज्य सावरलं, मला देश द्या. कर वाढवले नाहीत, अंदाजपत्रकात तूट ठेवली नाही, बेरोजगारी खाली आणली. बाबांना हे फार पटलं होतं. ते लायब्ररीतून भाषणांचे प्रिंटआउट आणत आणि मी आमटी वाढत असताना मला त्यातली वाक्यं वाचून दाखवत.

"आता असं बघा सूनबाई, भाषण कोणीही करेल. या माणसाकडे करून दाखवलेलं आहे."

एकदा माझा नवरा म्हणाला, "बाबा, अमेरिकेत पन्नास राज्यं आहेत. तुम्हाला हाच कसा सापडला?"

"कारण याच्या राज्यात माझा मुलगा आहे," बाबा म्हणाले. "मला आतली खबर आहे."

आतली खबर म्हणजे भाऊजींची फोनवरची दोन वाक्यं. सगळं छान चाललंय. कंपनी जोरात आहे. कधीकाळी ती खरीही होती. त्या दोन वाक्यांवर बाबांनी त्या गव्हर्नरची सगळी कारकीर्द उभी केली होती, आणि गव्हर्नरची बाजू घेणं ही मुलाची बाजू घ्यायची त्यांची रीत झाली होती. थोरल्याने लीड्समध्ये घर केलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. धाकट्याचं त्यांना फक्त गव्हर्नरच्या भाषणांतून दिसत होतं.

आमच्या मराठी मंडळात दिवाळीला अभिरूप न्यायालय भरतं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून आलेल्या लोकांनी ती प्रथा इकडे आणली. कोणाला तरी आरोपी करायचं, दोन वकील, साक्षीदार, न्यायमूर्ती, आणि पाऊण तासात निकाल. आदल्या वर्षी आरोपी होतं यॉर्कशरचं हवामान. त्याच्या आधी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली पुरणपोळी. साक्षीदार फराळाच्या डब्यावर हात ठेवून शपथ घेतो, न्यायमूर्ती पोळपाटावर लाटणं आपटून शांतता पुकारतात. साक्षीदारानं थापा मारायच्या आणि लोकांनी हसायचं, एवढाच नियम.

मी मंडळाची सेक्रेटरी. हॉल बुक करणं, खुर्च्या, चहाचं पाणी उकळायचा अर्न, कोण काय आणणार, सगळं माझ्याकडे. त्या वर्षी न्यायमूर्ती म्हणून बाबांना बसवायचं ठरलं, कारण वयानं आणि आवाजानं तेच शोभत होते. आणि खटला त्यांनीच सुचवला: अमुक राज्याच्या गव्हर्नरने आपल्या राज्याचं अर्थकारण सावरलं, हा त्याचा दावा खोटा आहे.

मीटिंगमध्ये एक काकू म्हणाल्या, "राज्यपालावर कसला खटला? ते फिती कापतात आणि सव्वीस जानेवारीला सलामी घेतात."

"तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा," बाबांनी समजावलं. "निवडून येतो, तिजोरी सांभाळतो."

"मग फिती कापत नाही?"

"त्याही कापतो."

बचावाचे वकील झाले मँचेस्टरच्या एका फायनान्स कंपनीतले गृहस्थ. ते वर्कव्हिसावर नवीनच आले होते आणि काहीही करायला तयार असत. सरकारी वकील म्हणून माझी मुलगी. ती सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली, शाळेत नुकतंच ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, इकॉनॉमिक्स घेतलेलं. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलताना कोणत्या शब्दाचं लिंग कधी चुकेल सांगता येत नाही. साक्षीदार कोण, यावर बाबांनी सुचवलं, "माझा धाकटा येतोच आहे. प्रत्यक्ष तिथला माणूस. यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही." मी कागदावर भाऊजींचं नाव लिहिलं. तेव्हा मला कुकरचं काही माहीत नव्हतं.

आता माहीत झालं होतं, आणि कार्यक्रमाचे कागद वाटून झाले होते.

तो आठवडा मी कधी नव्हे ते घरात कमी बोलले. इथल्या पाच नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटचे उरलेले फटाके अजून आजूबाजूला वाजत होते. भाऊजी सकाळी बाबांना लायब्ररीपर्यंत सोडायला जात. वाटेत सांगतील असं मला वाटे. दुपारी बाबा परत आले की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असे. चेहरा तसाच. एक दिवस ते सिटी सेंटरमधून भाऊजींच्या मुलीसाठी जाड कोट घेऊन आले, अमेरिकेत थंडी फार म्हणून. मला विचारलं, "माप बरोबर आहे ना? तुला सवय आहे." मी कोट हातात घेतला, शिवण उलटून पाहिली, म्हटलं, "थोडा मोठा आहे, पण वाढतं अंग आहे." भाऊजी समोर बसून चकलीचा तुकडा मोडत होते. तो त्यांनी खाल्ला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा बॉक्सरूममध्ये बॅग भरत असताना मी भाऊजींना बागेत गाठलं. ते वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं दोरीपाशी उभे होते.

"उद्या तुमचं नाव काढून टाकते," मी म्हटलं. "घसा बसलाय सांगते. दुसरं कोणी करेल."

"नको वहिनी."

"तिथे उभे राहून कारखाना जोरात आहे म्हणणार?"

"साक्षीदारानं थापाच मारायच्या असतात ना?"

"तुम्ही बाबांना सांगितलं नाहीत."

"तीनदा तोंड उघडलं," ते म्हणाले. "दर वेळी ते गव्हर्नरबद्दल बोलायला लागले. वहिनी, त्यांना वाईट वाटेल याची भीती नाहीये मला. ते गव्हर्नरचं समर्थन करत करत माझी समजूत घालतील, याची आहे."

 चिमट्यांची टोपली उचलून मी आत आले. नवऱ्याला मी आधीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "तू कार्यक्रमाचं बघ. त्याचं त्याला करू दे." त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण माझ्या स्वभावाला ते जड गेलं.

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हॉल सहाला रिकामा करून द्यायचा होता, म्हणून मी सगळं घड्याळावर बसवलं होतं. रांगोळी, लहान मुलांचे नाच, दोन गाणी, मग खटला. बाबांनी माझ्या नवऱ्याचा काळा ओव्हरकोट झग्यासारखा घातला होता. टेबलावर पोळपाट-लाटणं. मुलीनं गळ्याभोवती वकिलांच्या पट्टीसारखा पांढरा कागद लावला होता. मी मागे अर्नपाशी उभी होते, तिथून सगळं दिसत होतं.

मुलीनं आरोपपत्र वाचलं. "आरोपीच्या राज्यात बेरोजगारी कमी झाला," ती म्हणाली.

बाबांनी लाटणं आपटलं. "झाली."

"झाली, माय लॉर्ड. पण हे क्रेडिट त्याचं नाही."

बचावाच्या वकिलांनी जोरदार सुरुवात केली. त्यांनी भाऊजींना बोलावलं. भाऊजींनी डब्यावर हात ठेवून शपथ घेतली.

"साक्षीदार, तुमच्या राज्यात कर वाढले?"

"नाही वाढले."

"रस्ते?"

"गुळगुळीत."

"गव्हर्नर तुमच्या कारखान्यात आले होते?"

"नव्या शेडचं उद्घाटन होतं तेव्हा. फीत कापली. आम्हाला सगळ्यांना डोनट दिले."

मीटिंगमधल्या काकूंनी शेजारणीला कोपर मारलं. "बघ, मी म्हणत नव्हते, फिती कापतात." लोक हसले. बाबाही हसले, लाटणं वर धरून.

"आणि बेरोजगारीचा दर खाली आला, हे खरं?"

"खरं."

"बस," वकील म्हणाले. "आमचं काम झालं."

मग उलटतपासणीला माझी मुलगी उभी राहिली. तिला काही माहीत नव्हतं, हे मी आजही सांगते. तिनं शाळेत जे शिकलं होतं तेच विचारलं.

"काका, रेट कमी झाला म्हणजे ज्यांना जॉब नव्हता त्यांना जॉब मिळाला, असंच ना?"

"काहींना मिळाला."

"आणि बाकीचे लोक? ते कुठे गेले?"

 समोरच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "आता टाका थाप." भाऊजींनी डब्याकडे पाहिलं. हात अजून तिथेच होता.

"बाकीचे राज्य सोडून गेले," ते म्हणाले. "कारखाना बंद झाला तेव्हा आमच्या डिपार्टमेंटमधला एक जण बायकोच्या गावी गेला, दोघं शेजारच्या राज्यात. एकाने शोधणंच सोडलं. जो तिथे नाही त्याला तिथला बेरोजगार म्हणून मोजत नाहीत. मीसुद्धा त्यातलाच आहे. गव्हर्नरांचा आकडा सुधारला त्यात माझाही हात आहे. मी तिकडे बेरोजगार नाही. मी इकडे आहे, वहिनींच्या सोफाबेडवर."

सगळा हॉल हसला. टाळ्याही पडल्या. मँचेस्टरच्या वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाले, "माय लॉर्ड, साक्षीदार फितूर झाला." त्यावर आणखी हशा. त्या प्रथेत साक्षीदारानं असंच काहीतरी बोलायचं असतं, आणि भाऊजी छान बोलतात असं सगळ्यांना वाटलं. मुलगी खूश होऊन माझ्याकडे बघत होती.

मी बाबांकडे बघत होते. त्यांनी लाटणं खाली ठेवलं होतं.

"न्यायालयाला साक्षीदाराला काही विचारायचं आहे," ते म्हणाले. आवाज तोच, वर्गातला. "आपण ते राज्य कधी सोडलंत?"

"ऑक्टोबरच्या शेवटी, न्यायमूर्ती."

"राहतं घर?"

"करार संपवला."

"सामान?"

"थोडं बरोबर आणलंय. आईचा फोटो आणलाय."

हसणं मागच्या रांगांतून कमी होत पुढे येत गेलं. पुढच्या खुर्च्यांवरचे दोघे-तिघे अजून हसत होते, मग तेही थांबले.

"आपलं कुटुंब नागपूरला लग्नाला गेलं आहे, अशी न्यायालयाची माहिती होती."

"लग्न नाही, न्यायमूर्ती. त्या राहायला गेल्यात."

 मुलाला बाबांनी आयुष्यात कधी आपण म्हटलं नसेल. घरी त्यांच्यात अरे-तुरेचं बोलणं, आणि त्यात हे कधीच निघालं नव्हतं. "ही माहिती न्यायालयापुढे आधी का आली नाही?"

"न्यायमूर्ती आरोपीच्या बाजूनं बोलत होते," भाऊजी म्हणाले.

अर्नमधलं पाणी उकळायला लागलं होतं, त्याचा आवाज येत होता. मी तो बंद केला. बाबांनी पोळपाटावर तळहात ठेवले, कागद सारखे करतात तसे.

"कारखाना आरोपीनं बंद केला, असं आपलं म्हणणं आहे?"

"नाही. काम दुसऱ्या देशात गेलं. त्याला तो काय करणार. त्यानं तो बंद केला नाही आणि उघडलाही नव्हता. उघडला तेव्हा त्याचा फोटो निघाला. बंद झाला तेव्हा तो दुसरीकडे प्रचाराला होता. एवढंच."

"साक्षीदारानं बसावं," बाबा म्हणाले. मग सगळ्यांकडे बघून, "न्यायालय निकाल राखून ठेवत आहे."

मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. निकाल हा कार्यक्रमाचा सगळ्यात हशाचा भाग असतो. बचावाचे वकील "माय लॉर्ड, पण" असं काही म्हणायला गेले, मी पुढे होऊन चहा तयार आहे असं जाहीर केलं, आणि खुर्च्या सरकल्या. ज्यांना कळलं होतं त्यांनी काही विचारलं नाही. ज्यांना कळलं नव्हतं ते भाऊजींना म्हणाले, फर्स्ट क्लास, पुढच्या वर्षीही या.

 घरी येताना गाडीत मुलीनं माझा हात धरला होता. उतरताना तिनं विचारलं, "आई, मी काही चूक केला का?" मी म्हटलं, "नाही. तू बरोबर प्रश्न विचारलास."

मी तेव्हा इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आउटपेशंट क्लिनिकच्या अपॉइंटमेंटचं काम सांभाळत होते. वेटिंग लिस्टमधून कोणाचं नाव कमी करायच्या आधी फोन करायचा, असा माझा नियम होता. कारण नाव कमी झालं म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं. कोणी गाव बदललेलं असतं, कोणी कंटाळून येणं सोडलेलं असतं, कोणी उरलेलंच नसतं. कागदावर तिन्हींची रेघ सारखीच दिसते. हा नियम मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायची. पण भाऊजींनी उन्हाळाभर नेहमीपेक्षा कमी फोन केले, तेव्हा मीही म्हटलंच होतं की कामात असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तेव्हा बाप-लेक स्वयंपाकघरात होते. बाबांनी जिन्याखालच्या कपाटातून बॅग स्वतः ओढून आणली होती. कुकर टेबलावर होता आणि सासूबाईंचा फोटो किटलीला टेकवलेला. बाबा कुकरचं झाकण फिरवून बघत होते.

"हा तुझ्या आईनं दिला होता ना, तू अमेरिकेला जाताना?"

"हो."

"बरोबर हाच आणायचं सुचलं तुला. टीव्ही विकलास आणि हा आणलास."

"टीव्हीला गिऱ्हाईक मिळालं, बाबा. याला कोण घेणार तिथे?"

बाबांच्या तोंडावर हसू आलं की नाही ते मला दिसलं नाही, ते पाठमोरे होते. मी भांडी लावायला लागले. थोड्या वेळानं ते बोलले, कोणाला उद्देशून ते कळेना.

"बेरोजगारीचा दर म्हणजे भागाकार. वर बेरोजगार, खाली काम करणारे आणि काम शोधणारे सगळे. वरचा माणूस निघून गेला की तो खालूनही जातो आणि उत्तर लहान होतं. मी हे फळ्यावर काढून दाखवत असे. मुलं विचारत, सर, गेलेला माणूस गेला कुठे? मी म्हणत असे, तो प्रश्न भूगोलाच्या सरांना विचारा." त्यांनी झाकण खाली ठेवलं. "वर्ग हसायचा."

भाऊजी म्हणाले, "जोक चांगला होता."

"चांगला होता," बाबा म्हणाले. "सूनबाई, ते तिकीट रद्द कर. दोन तिकिटं बघ पुण्याची. मुंबईपर्यंत विमान आणि पुढे गाडी. पुढच्या सोमवारचीच बघ, ठरलेला दिवस मोडू नको."

मी त्याच दिवशी तिकिटं काढली. त्या आठवड्यात बाबा लायब्ररीत गेले नाहीत. भाऊजींना बरोबर घेऊन ते पार्कात फिरायला जात आणि बराच वेळ येत नसत. काय बोलत ते मला माहीत नाही. एकदा मी खिडकीतून त्यांना येताना पाहिलं, तर बोलत होते भाऊजी, आणि बाबा नुसते चालत होते, मान खाली घालून, ऐकत.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे गाडीनं लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोला गेलो. तिथे नवऱ्याच्या जुन्या मित्राकडे मुक्काम केला, कारण विमान सकाळचं होतं. चेक-इनच्या रांगेत भाऊजींची बॅग वजनात जास्त भरली. मी घरी काट्यावर मोजली होती, पण नंतर बाबांनी त्यात नातीचा कोट घातला होता. बॅग तिथेच जमिनीवर उघडली. कोट राहू दे, असं दोघंही एकदम म्हणाले, नागपूरला थंडी पडते. मग कुकर बाहेर निघाला. मागचे लोक वाट बघत होते. कुकर माझ्या हातात आला आणि बॅग पट्ट्यावरून गेली.

सिक्युरिटीच्या दाराशी मुलीनं बाबांना विचारलं, "आजोबा, व्हर्डिक्ट काय? तुम्ही ठेवलेला अजून."

बाबांनी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. मफलर नीट केला आणि न्यायमूर्तीच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाले, "गव्हर्नरचा निकाल त्याचे मतदार देतील. माझ्यापुढे त्याच्या कामाचा पुरावाच नव्हता. माझ्यापुढे होता माझा मुलगा आणि मी त्याच्यावरून राज्य मोजत होतो." मग भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साक्षीदार खरं बोलला. एवढंच या न्यायालयाला सांगता येतं."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. बाबा माझ्याकडे वळले आणि माझ्या हातातल्या कुकरकडे बोट दाखवलं.

"मुद्देमाल तुझ्याकडे जमा," म्हणाले. "पावती नको."

तो गव्हर्नर नव्या वर्षात शर्यतीतून बाहेर पडला. फोनवर बाबांनी ते एका वाक्यात सांगितलं आणि लगेच भाऊजींच्या मुलाखती कुठे कुठे चालल्या आहेत त्याबद्दल बोलायला लागले. चांगल्या झालेल्या आणि फसलेल्या, दोन्ही. त्यानंतर दर रविवारी ते दोन्ही सांगायचे. पुढे भाऊजींना चाकणला काम लागलं, तेही बाबांनीच कळवलं, पगार कमी आहे हेसुद्धा सांगून.

कुकर माझ्याकडे आहे. त्याची रिंग इथे मिळत नाही, कोणी पुण्याहून येणार असलं की मी मागवते. शनिवारी त्यात वरण-भात लावते. मुद्देमाल परत न्यायला अजून कोणी आलेलं नाही.